गोष्ट सांगितली की मॉरल सांगितलंच पाहिजे का? गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक आणि आपले नागपूरचे कॉन्व्हेंट

चिऊची_आई (त्रिमूर्तीनगर)

मागच्या आठवड्यात मुलीच्या कॉन्व्हेंटमध्ये गोष्ट सांगायची स्पर्धा होती, केजी वन, म्हणजे साडेचार वर्षांची पोरं. माझीनं चिऊकाऊची सांगितली, शेणाचं घर मेणाचं घर, काऊ बाहेर भिजून राहिला आणि चिऊ आतून म्हणते थांब माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते. ते "थांब" ती एवढं लांबवते की समोर बसलेली पोट्टी पण तिच्यासोबत म्हणायला लागली. बक्षीस नाही मिळालं, त्याचं काही नाही. पण कागदावर शेरा होता की मॉरल सांगितलं नाही म्हणून दोन मार्क कमी. घरी आल्यावर मला विचारते, आई, मॉरल म्हणजे काय असते, माझ्या गोष्टीत कुठं असते ते?

मला उत्तर देता आलं नाही. चिऊकाऊत काय मॉरल आहे सांगा ना कोणी. आजीनं सांगितली तेव्हा आम्ही कधी विचारलं नाही.

मग मी गिजुभाई बधेका परत काढून वाचले, डीएडला असताना वाचले होते. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते. गिरिजाशंकर भगवानजी बधेका, जन्म १८८५, सौराष्ट्रातले. आधी आफ्रिकेत जाऊन आले, मग वकिली केली. १९१३ मध्ये मुलगा झाला आणि याला वाढवायचं कसं, शिकवायचं कसं हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला, इटलीच्या बालशिक्षणवाल्या मॉन्टेसरी बाईंची पुस्तकं वाचली, आणि १९१६ मध्ये वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत मास्तर झाले. १९२० मध्ये तिथं बालमंदिर काढलं. मारायचं नाही, धाक नाही, बक्षीस पण नाही. गुजरातेत लोक त्यांना "मूछाळी मा" म्हणायचे, म्हणजे मिशीवाली आई. १९३९ मध्ये गेले, फक्त ५३ वर्षांचे होते, आणि तेवढ्यात मुलांसाठी आणि पालक-शिक्षकांसाठी लहानमोठी मिळून दोनशेच्या आसपास पुस्तकं लिहून गेले. गोष्ट सांगायची कशी यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात त्यांचं म्हणणं सरळ आहे, की गोष्ट पहिल्यांदा आनंदासाठी. बोध चिकटवायला गेलो की मूल बोध पण सोडते आणि गोष्ट पण सोडते.

माझं मत असं की आपण नागपूरचे पालक लेकरांच्या हातातून गोष्ट काढून घेऊन राहिलो आणि त्याच्या जागी मॉरल देऊन राहिलो. साडेतीन वर्षाच्या पोराच्या हातात पेन्सिल, चार वर्षाला कर्सिव्ह, आणि गोष्टीला पण मार्क. तुम्हाला काय वाटते ते लिहा, विरोधात असलं तरी चालेल.

हिंगणा_रोड

ताई, तुमचं मनापासून वाचलं पण मले पटलं नाही.

मी एमआयडीसीत शिफ्टमध्ये आहो, बायको शिवणकाम करते. माझे वडील काटोलकडे दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत कामाला होते, घरी पुस्तक नावाची वस्तू नव्हती, गोष्ट सांगाले कोणाजवळ वेळ नव्हता, संध्याकाळी सगळे थकून झोपून जायचे. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी गोष्ट सांगायचे आणि शेवटी फळ्यावर तात्पर्य लिहायचे. ते तात्पर्य मी वहीत लिहून घरी आणायचो आणि बाबाले वाचून दाखवायचो. बाबा त्याच्यावर बोलायचे. आमच्या घरात शाळेतून आलेलं तेवढंच एक वाक्य होतं ज्याच्यावर बाप बोलू शकत होता. गोष्ट तर मी रस्त्यातच विसरून जायचो.

आणि पेन्सिलचं म्हणाल तर तुमची मुलगी कर्सिव्ह नाही शिकली तरी तुम्ही घरी बसून शिकवाल, तुम्ही डीएड झाल्या. माझ्या पोराले शाळेनं नाही शिकवलं तर कोण शिकवन? बिना धाकाची, खेळत खेळत शिकायची शाळा ज्याच्या घरी मागं आधार आहे त्याले परवडते. आमच्यासाठी शाळा एकच चान्स आहे, तो मी कोणाच्या प्रयोगाले नाही देणार. राग मानू नका.

चिऊची_आई (त्रिमूर्तीनगर)

राग कशाचा दादा. बाबांना वाचून दाखवायची गोष्ट मी दोनदा वाचली.

पण एक विचारते. बाबा त्या वाक्यावर बोलायचे म्हणता. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की आता याच्यावर बोला, त्यांच्या मनात आलं ते बोलले. माझं तेच म्हणणं आहे ना, मुलालाही मनात आलेलं बोलू द्या. आयतं वाक्य पाठ करून कशाला म्हणायला लावता.

मास्तर_नंदनवन

दोघांचंही ऐकलं. मी कॉर्पोरेशनच्या शाळेत एकतीस वर्षं काढली, आता रिटायर आहे, म्हणून थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

गिजुभाईंचं "दिवास्वप्न" मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वाचलं. त्यात एक मास्तर आहे, शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन म्हणतो मला एक वर्ष एक वर्ग द्या, मी माझ्या पद्धतीनं शिकवतो. त्याला चौथीचा वर्ग मिळतो. पहिल्याच दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ खेळायला लावतो आणि पोरं धिंगाणा घालतात, सगळं फसते आणि त्याला मुलांना घरी सोडून द्यावं लागते. दुसऱ्या दिवशी तो येऊन राजाराणीची गोष्ट सुरू करतो, आणि तीच पोरं तोंडातून आवाज काढत नाहीत. मला तो पहिला दिवस फार आवडला होता कारण माझा पण तसाच गेला होता.

मी करून पाहिलं. वर्गात चौपन्न मुलं, उन्हाळ्यात पत्रे तापलेले, एक पंखा. रोज शेवटचा तास गोष्टीचा. पहिल्या पंधरा दिवसात हजेरी वाढली हे खरं आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक पाहायला जाणारी पोरं सुद्धा गोष्टीपुरती डोकावून गेली. पण बाजूच्या वर्गाच्या बाई भिंत ठोकायच्या, हेडमास्तरांनी विचारलं अभ्यासक्रम कुठवर आला, आणि मार्चमध्ये माझ्या वर्गातली अकरा मुलं हातच्याची वजाबाकी करू शकत नव्हती. त्यातली चार पुढं सातवीपर्यंत गणितात मागंच राहिली. ती चार मुलं मी अजून विसरलो नाही.

म्हणून मी आता मधे उभा आहे. पुस्तकातल्या मास्तराच्या पाठीशी अधिकारी होता, आणि लेखणी गिजुभाईंच्याच हातात होती, त्यामुळे वर्षाच्या शेवटी सगळं जमून आलं. माझ्या वर्गात कोणाची लेखणी नव्हती. गोष्ट हवीच, त्यात वाद नाही. पण पाढे, वजाबाकी, जोडाक्षरं याला रोजची घासणी लागते आणि ती गोष्टीतून होत नाही. हिंगणावाल्या भाऊंची भीती खोटी नाही.

बालवर्ग_शिक्षिका (सदर)

मी मॉन्टेसरी ट्रेन्ड आहे. इथे सगळे गिजुभाई आणि मॉन्टेसरी एकाच ताटात वाढून राहिले म्हणून लिहिते. मॉन्टेसरी बाईंचं मत होतं की सहा वर्षांच्या आत मुलाला पऱ्या, राक्षस, बोलणारे प्राणी देऊ नका, त्याला आधी खरं जग कळू द्या, पाणी ओतणं, बटण लावणं, वस्तूचं नाव. गिजुभाईंनी बाईंची साधनं घेतली पण इथं त्यांचं ऐकलं नाही, गोष्ट मधोमध आणून बसवली. माझ्या अनुभवात बाईंचं बरोबर आहे. तीन वर्षाचं मूल राक्षस ऐकून रात्री उठून रडते आणि आई सकाळी माझ्याकडे येते. चिऊकाऊला माझी हरकत नाही पण गोष्ट म्हणजेच बालशिक्षण असं समजू नका, हाताचं काम जास्त महत्त्वाचं आहे.

वाचनवेडी (धरमपेठ)

मला मूळ मुद्द्यालाच विरोध करायचा आहे. बोध नको, संस्कार नको, ही आजकाल एक लाटच आली आहे. मग साने गुरुजींचं काय करायचं? १९२४ पासून सहा वर्षं अमळनेरला शिक्षक होते, आणि त्यांचं सगळं लेखन संस्कारासाठीच आहे, ते त्यांनी कधी लपवलं नाही. तीन पिढ्या त्यावर रडल्या आणि मोठ्या झाल्या. माझी आई महालातल्या वाड्यात दुपारी आम्हाला गोळा करून वाचायची आणि वाचताना तिचाच आवाज जायचा. तो संस्कार नव्हता? मुलं मोबाईलवर काय काय पाहून राहिली, आणि आपण म्हणायचं की चांगलं वाईट सांगू नका, गोष्ट नुसती मजेसाठी. मजा त्यांना भरपूर मिळते हो, चांगलं वाईट सांगणारं कोणी उरलं नाही.

चिऊची_आई (त्रिमूर्तीनगर)

काकू, तुमच्या आईचा आवाज जायचा म्हणता ना, मग वाचून झाल्यावर त्यांनी कधी विचारलं का की आता सांगा यातून काय बोध घेतला, पाच मार्काला? नाही विचारलं म्हणूनच तुम्हाला आज ते आठवते. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडायचे, कपडे धुवायचे. मुलांनी ते डोळ्यानं पाहिलं. मी संस्काराच्या विरोधात नाहीच आहे, संस्काराची परीक्षा घेण्याच्या विरोधात आहे.

वाचनवेडी (धरमपेठ)

आई विचारायची! बोध नाही, पण "तू असतीस तर काय केलं असतंस" हे रोज विचारायची. म्हणजे ती काहीतरी शोधायला लावतच होती. तेवढं तर करायला पाहिजे की नाही? तुम्ही म्हणता काहीच विचारू नका, हे टोक झालं.

चिऊची_आई (त्रिमूर्तीनगर)

"तू असतीस तर" हा प्रश्न मला मान्य आहे, एकदम मान्य. त्याला एकच उत्तर नसते. मी आधी काहीच विचारू नका असं लिहिल्यासारखं झालं, ते मागे घेते.

अंगणवाडी_ताई (कामठी)

मी पण लिहू का. मी सेविका आहे. आमच्याकडे तीन ते सहाची लेकरं येतात, वीस बावीस असतात, कधी तीस.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की अंगणवाडी ही कल्पना ताराबाई मोडकांची. तेव्हा लिहून घेतलं आणि विसरून गेली. आज हे सगळं वाचून आठवलं. सरकारची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, ताराबाई त्याच्या दोन वर्षं आधीच गेल्या होत्या. पण माझा दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी लेकरं गोळा करायची, खिचडी किंवा उसळ, वजन घ्यायचं, उंची घ्यायची, मोबाईलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरायचं, रेंज नसली तर बाहेर झाडाखाली जाऊन भरायचं, गरोदर बायांचं वेगळं, लसीकरणाची यादी वेगळी, मधात सर्व्हे आला तर तो. गोष्टीला वीस मिनिटं मिळतात, कधी तेही नाही.

आणि आता नवीन काय झालं माहीत आहे का? आया म्हणतात ताई तुम्ही एबीसीडी शिकवत नाही, नुसती गाणी म्हणता, म्हणून लेकरू कॉन्व्हेंटमध्ये टाकतो. ऑटोचे पैसे, फीचे पैसे, कर्ज काढून टाकतात. आणि दोन महिन्यांनी तेच लेकरू माझ्याकडे येते कारण तिथं रडून रडून आजारी पडलं. गाणी कोणती म्हणतो आम्ही? भुलाबाईची म्हणतो, भोंडल्यासारखीच. भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी रोज संध्याकाळी पोरी म्हणतात, सकाळी माझ्याकडे पण म्हणतात, खिरापत ओळखायचा खेळ खेळतात, झाकलेल्या डब्यात काय आहे, गोड का तिखट. त्यात किती शब्द येतात मोजा तुम्ही. एक पोट्टी होती, चार महिने बोललीच नाही, पहिला शब्द बोलली तो "फुटाणे". खिरापत ओळखली तिनं. त्या दिवशी मी रजिस्टर भरलंच नाही.

अमरावतीकर

अंगणवाडी ताईंनी ताराबाईंचं नाव काढलं म्हणून आलो, कारण आपल्या विदर्भातच त्यांची आठवण कमी आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईच्या पदवीधर, लग्न होऊन अमरावतीला आल्या, पती वकील. संसार मोडला, १९२१ मध्ये वेगळ्या झाल्या, पदरात लहान मुलगी. त्या काळात हे किती अवघड असेल याचा विचार करा. राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपल झाल्या, चांगल्या पगाराची जागा, आणि ती सोडून भावनगरला गिजुभाईंकडे गेल्या. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, शिक्षणपत्रिका काढली. पुढे त्या महाराष्ट्रात परत आल्या आणि १९४५ मध्ये डहाणूजवळ बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, तिथं अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, आणि तिथून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

आता हिंगणावाल्या दादांना उत्तर. तुम्ही म्हणता ही शाळा घरी आधार असणाऱ्यांसाठी आहे. वारली मुलांच्या घरी कोणता आधार होता? ती मुलं बालवाडीत येतच नव्हती, तर ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावर नेली, कोणाच्या तरी अंगणात भरवली, तिथून अंगणवाडी हा शब्द आला. मोठी मुलं गुरं चारायला जायची म्हणून शाळा कुरणात नेली, तिचं नावच कुरणशाळा. मॉन्टेसरीची महागडी लाकडी साधनं परवडत नव्हती तर बिया, शिंपले, पानं, दगड घेऊन मोजायला शिकवलं. ही पद्धत श्रीमंतांची असती तर ती कोसबाडला एक महिना टिकली नसती.

आणि मास्तर, तुमच्या चार मुलांचं मला वाईट वाटलं. पण चौपन्न मुलं आणि एक शिक्षक हा दोष गोष्टीचा कसा? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागं एक शिक्षक लिहिलं आहे. तेवढी मुलं असती तर तुम्ही ती वजाबाकी करून घेतली असती.

मास्तर_नंदनवन

कदाचित घेतली असती. पण नव्हती ना तीस. पद्धत चांगली की वाईट हे मी आदर्श वर्गात ठरवू शकत नाही, मला मिळालेल्या वर्गात ठरवावं लागते. कोसबाडला दोन बायांनी आयुष्य दिलं, घरदार बाजूला ठेवून. सरकारी शाळेत प्रत्येक मास्तराकडून तेवढं मागाल तर एकही मास्तर पुरा पडणार नाही, मी पण नाही पडलो. साधारण मास्तर साधारण मेहनतीत जे करू शकते ते सांगा, मी उद्या जाऊन सांगतो पोरांना.

बालवर्ग_शिक्षिका (सदर)

मास्तरांशी सहमत. आणि बिया-शिंपल्यांचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे हे पण लक्षात घ्या, ते हाताचं काम आहे.

नुसता_वाचक (मानेवाडा)

गिजुभाईंची ती आनंदी कावळ्याची गोष्ट माहीत आहे का कोणाला? राजा कावळ्याला शिक्षा देतो, चिखलात टाका म्हणतो, कावळा चिखलात पण गाणं म्हणतो, मग विहिरीत टाका, तिथं पण गाणं. प्रत्येक ठिकाणी गाणं बदलते, काहीतरी नवीन शिकून राहिलो असंच म्हणते ते. शेवटी राजाच थकते. माझ्या पोराला रोज रात्री लागते ही, चिखल हवाच, चिखलाचं गाणं विसरलो तर परत पहिल्यापासून. मॉरल मी आजवर सांगितलं नाही, सुचलंच नाही. परवा पावसात गाडी घसरली, दोघं चिखलात, मला काही लागलं का पाहायच्या आधी तो चिखलातलं गाणं म्हणायला लागला. एवढंच सांगायचं होतं.

अंगणवाडी_ताई (कामठी)

दादा ही गोष्ट उद्या सांगते मी. चिखल आमच्या दारातच आहे.

वाचनवेडी (धरमपेठ)

बघा म्हणजे बोध पोहोचलाच ना शेवटी! संकटात हसत राहा. मी तेच म्हणून राहिले की गोष्टीत तो असतोच आणि असायलाच पाहिजे.

चिऊची_आई (त्रिमूर्तीनगर)

पोहोचला काकू, पण बापानं सांगितला नाही म्हणून पोहोचला. इथं आपलं जमणार नाही असं दिसते, पण माझ्या मुलीच्या शाळेत तुम्ही परीक्षक म्हणून आल्या असत्या तर मला आवडलं असतं, तुम्ही निदान "तू असतीस तर" विचारलं असतं.

उद्या मी शाळेत भेटायला जाऊन राहिले. भांडायला नाही. एवढंच म्हणणार आहे की स्पर्धेच्या कागदावरचा तो मॉरलचा रकाना काढा आणि त्याच्या जागी ऐकणाऱ्या मुलांनी मधात कुठं साथ दिली ते लिहा.

हिंगणा_रोड

सगळं वाचलं. अमरावतीच्या भाऊनं कुरणशाळेचं सांगितलं ते मले माहीत नव्हतं, माझे बाबा लहानपणी गुरंच चारायचे, त्याईच्या मागं कोणी शाळा घेऊन गेलं असतं तर काय झालं असतं याचाच विचार करून राहिलो सकाळपासून.

पण माझं मत बदललं नाही हे पण सांगतो. कोसबाडले ताराबाई स्वतः होत्या, अनुताई स्वतः होत्या. माझ्या पोराच्या वर्गावर कोण आहे ते मले माहीत नाही, दर वर्षी बदलते. जिथं चांगला मास्तर मिळन का नाही याची गॅरंटी नाही तिथं मले पाढे पाहिजे, शुद्धलेखन पाहिजे, वहीत लिहिलेलं पाहिजे, जे मी शिफ्टवरून आल्यावर उघडून पाहू शकतो. गोष्ट वहीत दिसत नाही. ती शाळेत सांगितली का नाही, कशी सांगितली, मी कसा तपासू?

नंदनवनच्या मास्तरले एक विचारायचं होतं. त्या अकरा मुलांमधली चार मागं राहिली म्हणता, बाकीच्या सात जणाईले तुम्ही वजाबाकी कशानं शिकवली? ते सांगा. माझा पोरगा तिथंच अडकला आहे, हातचा घेतल्यावर वरचा आकडा कमी कराले विसरते.

मास्तर_नंदनवन

काड्यांनी. दहा काड्यांचा जुडगा रबर लावून बांधायचा. हातचा घ्यायचा म्हणजे दशकातला एक जुडगा सोडून सुट्ट्या काड्यांत टाकायचा. आकडे नंतर, आधी आठ दिवस नुसत्या काड्या. जुडगा त्यानं स्वतः सोडला पाहिजे, तुम्ही सोडू नका. स्वतः सोडला की दशकात एक कमी झाला हे त्याच्या डोळ्यासमोर राहते. रविवारी सुट्टी असेल तर नंदनवनला घेऊन या पोराला, माझ्याकडे जुडगे अजून आहेत.